गादीघरातले स्टोइक

टंग... टंग... टंग.

हा आवाज मी लहानपणी ऐकला आणि तो अजून कानात आहे. आमचे अब्बा ओसरीत बसून रुई पिंजायचे. आढ्याला टांगलेली कमान, तिला ताणलेली तात आणि त्या तातीवर लाकडी मुठीचे टोले. रुई उडायची, अब्बांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. गल्लीतली माणसं बघायला येऊन बसायची. टंगटंग थांबली की बोलणं सुरू व्हायचं.

आता कमान गेली, मशीन आलं. दुकान तेच आहे, नांदेडच्या जुन्या भागात. माणसं अजून येऊन बसतात, कारण बसायला इतकी मऊ जागा बाजारात दुसरी नाही. मशीन बंद झालं की बोलणं सुरू होतं, ते मात्र बदललेलं नाही. पिंजाऱ्याच्या दुकानात रुईचे बारीक तंतू कोपऱ्यात साठत राहतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढेच. माणसांच्या गोष्टींचं तसंच आहे. मी फार बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जास्तच साठल्या.

माझं शिक्षण चार बुकांचं. खाली जे सांगतो ते मला जसं समजलं तसं सांगतो.

* * *

रोज दुपारी तिघं यायचे. जोंधळे सर हायस्कूलला इतिहास शिकवायचे, आता रिटायर. मन्मथप्पा मूळचे उदगीरचे, समोर त्यांचं भांड्यांचं दुकान. शेषराव भोकरचे, एसटीत कंडक्टर होते. भरलेल्या गाद्यांच्या थप्पीला पाठ टेकून तिघं बसायचे, मी मशीनशी.

एका दुपारी सर आले, थप्पीला टेकले. मग म्हणाले, "कमलच्या हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय. ऑपरेशन होण्यासारखं नाही. डॉक्टर म्हणाले, आहेत ते दिवस नीट काढा."

कमलभाभी म्हणजे सरांच्या मंडळी.

"मला त्या दिवसाला तयार राहायचंय," सर म्हणाले. "ती जाईल तेव्हा मी कोसळता कामा नये. तिला सारखी माझीच काळजी असते."

मग त्यांनी मोबाइल काढला आणि त्यातलं वाचून दाखवलं. ग्रीस आणि रोमकडे फार जुन्या काळी स्टोइक नावाचे लोक होऊन गेले. ओसरीत बसून बोलायचे. त्यांच्यात एक गुलाम होता आणि पुढं एक बादशहाही झाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जगातल्या गोष्टींचे दोन ढीग करायचे. एक आपल्या हातातला, एक हातात नसलेला. पहिल्यावर मेहनत घ्यायची, दुसऱ्यापायी जीव जाळायचा नाही.

मला हे लगेच समजलं. रुई एकीकडे, सरकी एकीकडे.

मन्मथप्पा म्हणाले, "गुलामाचं आणि बादशहाचं एकच मत होतं?"

"हो."

"मग खरं असंल बा."

त्या दिवसापासून आमच्या गादीघरात स्टोइक आले.

* * *

पहिला प्रयोग मन्मथप्पांनी केला. अप्पा सकाळी आंघोळ करून लिंगपूजा करणार आणि दुकान उघडलं की भांडणार. शेजारचा चपलावाला आपला बोर्ड सरकवत सरकवत अप्पांच्या शटरसमोर आणायचा. रोजचं होतं ते.

सर म्हणाले, "अप्पा, बोर्ड त्याच्या हातात. राग तुमच्या हातात. एक दिवस करून बघा."

अप्पांनी केलं. बोर्ड आला, अप्पा गप्प. गिऱ्हाईक आलं, सगळी पातेली वाजवून बघितली आणि न घेता गेलं, अप्पा गप्प. नोकरानं तांब्यांची रास पाडली. सगळा बाजार वळून बघायला लागला, पण अप्पा गप्पच. संध्याकाळी शेषराव मला म्हणाले, "गफूरभाई, ह्या माणसाची मला भीती वाटून राहिली."

दुसऱ्या दिवशी सरांना फोन आला. अप्पांच्या मंडळी होत्या.

"सर, एक विनंती हाय. ह्यांला दुकानातच भांडू द्या. काल वरणात मीठ कमी पडलं तर दिवसभराचं सगळं माझ्यावर काढलं. चपलावाल्याचं नाव घेऊन मला बोलले."

* * *

त्या स्टोइक लोकांची अजून एक सवय होती. अधूनमधून मुद्दाम अवघड जगायचं. साधं खायचं, फरशीवर झोपायचं. म्हणजे पुढं तशी वेळ आली तर भीती वाटत नाही.

हे सर मला सांगत होते माझ्याच गादीवर बसून.

शेषराव म्हणाले, "सर, मी जन्मभर डेपोच्या फरशीवर झोपलो. मुक्कामी गाडी असली का उशाला तिकिटाची पेटी. मला कोणी तत्त्वज्ञ म्हटलं न्हाई."

"तुम्ही नाइलाजानं झोपलात, शेषराव. आपणहून झोपणं वेगळं."

"पाठीला काय कळतंय, नाइलाज हाय का आपणहून?"

हे चाललं असताना मुदखेडचा एक माणूस लेकीच्या लग्नाच्या गाद्या ठरवायला आला होता. तो कापड हातात धरून सरांचं ऐकत उभा राहिला. फरशीवर झोपल्यानं पाठ सरळ राहते, मन मजबूत होतं, चैनीची सवय लागत नाही. सरांचं बोलणं शाळेतल्यासारखं, ऐकणाऱ्याला पटायचंच. त्या माणसानं कापड खाली ठेवलं. "घरी विचारून येतो," म्हणाला आणि गेला तो आलाच नाही.

मी म्हणालो, "सर, तुमचे ते गुलाम माझं दुकान बंद करतील."

सरांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "गफूरभाई, ते आपल्या हातात नाही."

सर स्वतः थोडे दिवस फरशीवर झोपले. मग कंबर धरली. भाभींनी शेक दिला, मलम चोळलं आणि पुन्हा गादीवर झोपवलं.

* * *

सगळ्यात अवघड अभ्यास म्हणजे रोज सकाळी आपल्या माणसाकडं बघायचं आणि मनात म्हणायचं, हे माणूस आज नसलं तर. रोज म्हटलं की मन हळूहळू तयार होतं, असं सर सांगायचे. ह्याच अभ्यासासाठी तर त्यांनी हे सगळं धरलं होतं.

भाभी सकाळी चहा पीत बसायच्या आणि सर समोर बसून बघायचे.

दोन-चार दिवस भाभींनी चालू दिलं. मग विचारलं, "काय बघून राहिलात?"

सरांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सांगून टाकलं.

भाभींनी कप खाली ठेवला. "असं होय. मग आज मी न्हाईच समजा."

आणि खिडकीशी जाऊन बसल्या. स्वयंपाक नाही, बोलणं नाही. सरांनी हाक मारली तर खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुपारी सर दुकानात आले ते उपाशी. मी माझा डबा पुढं केला. भाकरी आणि मेथीची भाजी होती, सरांनी सगळी संपवली.

शेषरावांनी विचारलं, "मग सर, मन तयार झालं का?"

सर म्हणाले, "मनाचं राहू द्या. चहापत्ती कुठल्या डब्यात असते ते सापडलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून भाभींनी त्यांना स्वयंपाक शिकवायला घेतलं. आधी चहा, मग वरणभात. सर रोज येऊन सांगायचे आज काय शिकलो. एकदा फोडणीत मोहरी करपली म्हणून हिरमुसून बसले होते. अप्पांनी समजूत घातली, "मोहरी आपल्या हातात न्हाई, सर."

"मोहरी आपल्याच हातात असते," सर म्हणाले. "गॅस बारीक करायचा राहिला."

* * *

जूनमध्ये माझ्याकडं गर्दी असते. लातूरला क्लासला जाणारी पोरं हॉस्टेलसाठी गाद्या शिवून घेतात, गुंडाळी करून एसटीच्या टपावर जाईल अशा. शेषराव नातीला घेऊन आले. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. शेषराव म्हणाले, "चांगली जाड भरा, गफूरभाई. पोरगी घर सोडून राहणार."

पोरगी म्हणाली, "न्हाई चाचा, पातळ भरा. जाड गादीवर झोप लई येते."

सर खूश झाले. त्यांनी तिला समोर बसवलं. म्हणाले, "बाळ, एक लक्षात ठेव. अभ्यास तुझ्या हातात आहे. निकाल तुझ्या हातात नाही."

पोरगी म्हणाली, "माहितेय सर. आमच्या क्लासच्या भिंतीवर लिहिलंय."

सरांचा चेहरा फुलला. "काय सांगतेस! लातूरला?"

"हाव. मोठ्या अक्षरात. त्याच्या खाली फी लिहिलीय."

* * *

भाभींच्या मनात माहूरला जायचं होतं. रेणुकामाता त्यांच्या माहेरची कुलदेवी. सर नको म्हणत होते, पायऱ्या फार, डॉक्टरांनी चढायला मनाई केलेली.

भाभी म्हणाल्या, "चढणं माझ्या हातात हाय. पोचणं न्हाई. तुमचेच लोक म्हणतात ना तसं?"

शेषरावांनी ओळखीची जीप ठरवली. माहूरला आमचा दर्गाही आहे, म्हणून मीही गेलो. मी आधी तिकडं जाऊन आलो आणि मग पायथ्याला चपला राखत बसलो. तिथून सगळं दिसत होतं, बोलणं मागून शेषरावांनी सांगितलं.

भाभी हळूहळू चढल्या. थोडं चढायचं, कठड्याला धरून उभं राहायचं. निम्म्याच्याही खाली असतील, तिथं पायरीवर बसल्या. उठेनात. सर घाबरले, शेषराव पाणी घेऊन धावले. भाभींनी पाणी घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि बसल्या जागेवरूनच हात जोडले.

सर म्हणाले, "कमल, इथून देवी दिसत नाही."

"मला न्हाई दिसत," भाभी म्हणाल्या. "तिला मी दिसते का ते तिचं ती बघंल."

आणि उतरायला लागल्या. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांना गाढ झोप लागली. सर सगळ्या रस्ताभर त्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते. शेषराव माझ्या कानाशी म्हणाले, "सर नापास होणार बघा."

* * *

त्याच वर्षी थंडीत एका सकाळी दुकानासमोर ऑटो थांबला. भाभी उतरल्या, मागं दोन गाद्यांच्या वळकट्या. सर बँकेत पेन्शनच्या कामाला गेले होते. भाभींनी वेळ बघूनच ऑटो केला असणार.

एक गादी सरांची होती. तिला गाठी झाल्या होत्या, ती पिंजायची होती. दुसरी भाभींची होती, रुखवतात आलेली.

"हिच्यातली रुई आमच्या घरच्या शेतातली," भाभी म्हणाल्या. "आईनं हातानं सरकी काढून भरली होती. ही पण पिंजा. आन् ह्यांच्या गादीत घाला."

मी म्हणालो, "भाभी, दोन घरांची रुई आम्ही मिसळत नाही."

आमच्या धंद्यात हा नियमच आहे. म्हणून तर गिऱ्हाईक आपली रुई पिंजून होईपर्यंत समोर राखण बसतं. भरोसा असला तरी बसतं.

"घर एकच हाय की, गफूरभाई."

मी वळकट्या उतरवून घेतल्या. मग त्याच म्हणाल्या, "मी गेले की माझ्या अंगाखालचं सगळं बाहेर काढतील. रिवाज हाय आपल्याकडं, त्याला कोण काय करणार. पोरानं हैदराबादहून फोमची गादी पाठवलीय. आता तिच्यावर झोपते. ती टाकली तर टाकली. आईची रुई कशाला रस्त्यावर जायला पाहिजे?"

मी दोन्ही गाद्या उसवल्या. सरांच्या गादीतली रुई बाजाराची, आखूड तंतूची. भाभींच्या गादीतली पिवळी पडली होती, पण तंतू लांब. मशीनमधून निघाली तशी फुलून आली. जुनी रुई अशी क्वचितच फुलते. भाभी स्टुलावर राखण बसल्या होत्या. रुई उडत होती, त्यांच्या केसांवर बसत होती. त्यांनी झटकली नाही.

गादी भरून शिवून झाली. भाभींनी तिच्यावर तळवा दाबून बघितला, उचलला, पुन्हा दाबला. ऑटोत बसताना म्हणाल्या, "आपण होऊन ह्यांला सांगू नका. विचारलं तर खोटं बोलू नका."

दोन-तीन दिवसांनी सर दुपारी आले. म्हणाले, "गफूरभाई, यावेळी गादी चांगलीच जाड भरलीत. माझ्यासारख्याला इतकी मऊ कशाला? पण झोप लागते हे खरं."

मी मशीन सुरू केलं.

* * *

भाभी उन्हाळा लागता लागता गेल्या. पहाटे, झोपेतच.

सर उभे राहिले. आल्यागेल्याला बसा म्हणाले, मुलाला फोन त्यांनीच लावला, सामान काय काय लागेल ते त्यांनीच सांगितलं. नदीवर मन्मथप्पा मोठ्यानं रडायला लागले. त्यांना आवरता येईना. सरच त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभे होते. लोक म्हणत होते, माणूस खंबीर आहे.

परत येताना शेषराव हळूच म्हणाले, "सर, तुम्ही पास झालात. मी उगाच शंका घेत होतो."

सर म्हणाले, "पेपर अजून हातात आलेला नाही, शेषराव."

फोमची गादी नातेवाइकांनी रिवाजाप्रमाणे बाहेर काढली. दिवस झाले, मुलगा हैदराबादला परत गेला. तो चला म्हणत होता, सर गेले नाहीत. चहापत्तीचा डबा कुठं असतो ते आता त्यांना माहीत होतं. पुन्हा दुपारचे येऊन बसायला लागले. मोबाइलमधलं वाचून दाखवणं मात्र बंद झालं. कुणी विचारलंही नाही.

मग एका दुपारी सर आले ते बसले नाहीत. हातावर, शर्टावर धूळ होती.

"गफूरभाई, कमलची एक गादी होती. माहेरच्या रुईची. माळ्यावर बघितलं, दिवाणाच्या पोटात बघितलं. घरात कुठं नाही. त्या दिवशी फोमबरोबर तीही बाहेर काढली की काय, कुणाला आठवत नाही."

अप्पा म्हणाले, "सर, वस्तूच ती. तुम्हीच तर म्हणता..." आणि आपणहूनच थांबले.

"वस्तूच आहे," सर म्हणाले. "टाकली असली तरी चालेल. फक्त कुठं टाकली तेवढं कळलं असतं, तर जाऊन बघितलं असतं."

मी मशीन बंद केलं.

"माझ्याकडं आली होती, सर."

"कधी?"

"थंडीत. भाभी घेऊन आल्या होत्या."

"मग कुठंय?"

"तुमची गादी जाड झाली म्हणत होता ना?"

शेषराव माझ्याकडं बघायला लागले. अप्पांनी मान खाली घातली. सरांनी बाजूच्या थप्पीवरच्या गादीवर तळवा ठेवला, दाबला, उचलला, पुन्हा दाबला. मग पायरीवर बसून चपला घातल्या. डाव्या चपलेचा अंगठा दोनदा चुकला.

उठले आणि भर उन्हात घराच्या दिशेनं चालत गेले.